अकरा तोंडांची घंटा

माझ्या नाकावर राग असतो असं घरात सगळे म्हणतात. असेल. पण तो तिथे उगाच येऊन बसलेला नाही. निम्मा माझ्या ताईने बसवलाय, आणि उरलेला निम्मा त्या डोंगरावरच्या गावाने, जिथे मी जन्मले आणि जिथे शिरायला आता तिकीट काढावं लागतं. हो, तिकीट! माहेरी जायला!

गेल्या वर्षी आम्ही दोघं वर गेलो, मी आणि आमचे हे. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि ताईला समोरासमोर बसून बोलवायचं होतं. या वेळी तिच्या तोंडून ‘बघते’ नाही, ‘येते’ असं काढून घ्यायचं, एवढं एकच काम घेऊन मी निघाले होते. ह्यांना तेवढ्यावर समाधान कुठलं! गळ्यात कॅमेरा, खिशात प्रेक्षणीय स्थळांची यादी, आणि यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने काढलेला छोटा चौकोन. बघून झालं की त्यात बरोबरची खूण करायची.

ताईचं आधी सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

आमचे बाबा गावचे घंटावाले. गावाच्या वरच्या अंगाला मोठं पठार आहे आणि पठाराच्या एका बाजूला सरळ तुटलेला कडा. त्या पठारावर धुकं यायला पाच मिनिटं पुरतात. आलं की स्वतःचा हात दिसत नाही. वर लाकूडतोडे असायचे, गुरं घेऊन गेलेली माणसं असायची. धुकं दिसलं की बाबा चौथऱ्यावर चढून दोर ओढायचे. वरच्या माणसाने एवढंच करायचं, घंटेचा आवाज नाकासमोर धरायचा आणि चालत सुटायचं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

वाजवायचीही पद्धत होती. तीन ठोके, मग वीस आकडे मोजेपर्यंत गप्प. पुन्हा तीन ठोके, पुन्हा गप्प. बाबा म्हणायचे, “वाजवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं ऐकण्याचं. वरून कुणी हाक मारली तर कळायला नको?” मला ठोके छान जमायचे. पण मोजायला बसले की आठपर्यंत यायची आणि हात दोराकडे जायचा. ताई मात्र वीस म्हणजे वीस. बाबा गेल्यावर दोर तिच्या हातात गेला तो त्यामुळेच.

माझं लग्न सव्वीस वर्षांपूर्वी खाली शहरात झालं, गावापासून दोन तासांवर. ताईने साडी इस्त्री करून ठेवली होती. सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं होतं. आणि सकाळी धुकं आलं. वर तीन लाकूडतोडे होते. बाई उभी राहिली दोर धरून, ती दुपारपर्यंत. मी इकडे दर मिनिटाला दाराकडे बघतेय. आई नाही, बाबा नाहीत, एकुलती एक बहीण, आणि तीही नाही! तीन लाकूडतोडे, ज्यांची तिला धड नावंही माहीत नव्हती, ते सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचे?

हे मी ह्यांना सव्वीस वर्षं ऐकवत आले. दूध उतू गेलं तरी गाडी तिथेच यायची. घंटा, धुकं, आवाज नाकासमोर, तीन ठोके, तीन लाकूडतोडे. ह्यांना ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तर आम्ही गावात पोचलो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात-आठ वर्षांपूर्वी पर्यटन समिती निघाली आणि तिने आमचं गाव ‘घंटांचं गाव’ करून टाकलं, हे मला फोनवर कळलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. दिव्याचे खांब घंटेच्या आकाराचे. बाकडी घंटेच्या आकाराची, त्यामुळे त्यांवर बसलं की माणूस घसरतो. कचऱ्याचे डबे घंटा, बिस्किटं घंटा, आणि हसू नका, सार्वजनिक संडाससुद्धा घंटा. जिथे तिथे खांबांवर कर्णे लावलेले, आणि त्यांतून दर पंधरा मिनिटांनी आमच्या घंटेचा रेकॉर्ड केलेला आवाज, खाली बासरी जोडून! ठोके एकामागे एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

तिकीट खिडकीतल्या बाईला मी म्हटलं, “अहो, मी याच गावात जन्मलेय.”

“जन्माचा दाखला आणलाय का?” ती वर न बघता म्हणाली. “असेल तर कार्यालयात अर्ज करा. पंधरा दिवसांत सवलत मिळते.”

ह्यांनी माझं कोपर धरून मला पुढे ओढलं, म्हणून ती बाई वाचली. तिकिटावर छापलं होतं, ‘यात घंटावाल्या आजीसोबत एक फोटो मोफत’.

घंटावाली आजी म्हणजे माझी ताई.

चौथऱ्यावर घंटेखाली एका खुर्चीत ती बसली होती. अंगावर ठिगळं लावलेली शाल, नाकावर गोल चष्मा, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचा टोप. ताईचं वय अठ्ठावन्न आणि तिचे केस अजून माझ्यापेक्षा काळे आहेत. समितीला ते पसंत पडले नाहीत. आजी म्हटल्यावर पांढरे केस हवेत ना! समोर फोटोवाल्यांची रांग. एक पोरगी तिच्या गालाला गाल लावून दात दाखवत होती.

“अगं, हे काय ध्यान करून ठेवलंय तुझं?” मी रांग मोडून वर गेले.

“आलीस?” ताई म्हणाली. “चष्म्याला काचा नाहीत. दिसतं सगळं नीट.”

ही अशी आहे. मी जीव तोडून भांडायला जावं आणि हिने चष्म्याचं सांगावं.

मी वर बघितलं तर घंटेच्या पोटात काहीच नाही. लोलक काढलेला! चौकशी केली तेव्हा कळलं की पाहुणे येता-जाता दोर ओढायचे, हॉटेलात दुपारचे झोपलेले लोक तक्रार करायचे. म्हणून समितीने लोलक उतरवला आणि चौथऱ्याखालच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवला. पुढे पाटी, ‘प्राचीन लोलक. स्पर्श करू नये’. प्राचीन म्हणे! लहानपणी दर रविवारी त्याला तेल मी चोळायची.

ह्यांनी ताईला वाकून नमस्कार केला, एक फोटो काढला, चौकोनात खूण केली आणि घड्याळ बघितलं. चौकातून झुकझुक गाडी सुटत होती. झुकझुक कसली, ट्रॅक्टरला पत्र्याचं इंजिन चढवलेलं. धबधबा, तळं, पठारावरची ‘ढगातली बाग’ आणि कड्याचं टोक, सगळं तीन तासांत. “तुम्ही बहिणी बोला निवांत,” असं म्हणून हे गेले. फोन माझ्या पर्समध्येच राहिला.

दुपारी फोटोंची रांग संपली तेव्हा आम्ही ताईच्या खोलीत बसलो. चौथऱ्याला लागूनच एक खोली, बाबांच्या वेळची. एक पलंग, एक स्टोव्ह, दोन खुर्च्या, खिडकी पठाराकडे. पलंगाची जागा अशी की उशीवर डोकं असलं तरी खिडकी दिसावी. भिंतीवरच्या खुंटीला बाबांचा दोर गुंडाळून टांगलेला. खिडकीच्या कट्ट्यावर तेलाची बाटली, भरलेली. लोलक कपाटात आणि तेल अजून खिडकीत!

मी पत्रिका तिच्या हातात दिली. तिने ती वाचली, पुन्हा पाकिटात घातली.

“या वेळी यायचंस,” मी म्हटलं. “आता कसलं कारण आहे तुला? घंटा वाजतच नाही.”

“बघते.”

झालं! माझं डोकं फिरलं. “काय बघतेस? काय बघायचं राहिलंय? माझ्या लग्नाला नाही आलीस, बाळंतपणाला नाही आलीस. तेव्हा निदान घंटा तरी होती. आता त्या मेलेल्या घंटेखाली नकली केस लावून पुतळ्यासारखी बसायला तुला वेळ आहे, आणि भाचीच्या लग्नाला नाही? लाज वाटत नाही?”

बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला.  ताई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, रडते आहे.

“मेहुणे कुठे गेलेत?” तिने विचारलं.

“वर. गाडीने.”

“पठारावर?”

“अगं, सगळीकडेच. यादी आहे त्यांची. विषय बदलू नकोस!”

ताईने टोप काढला, चष्मा काढला आणि दोन्ही पलंगावर टाकले. “उतरणीला ढग लागलाय,” ती म्हणाली. मी खिडकीत आले. पठार होतं तिथे नुसता पांढरा रंग होता.

आम्ही चौकात धावलो तेव्हा झुकझुक गाडी नुकतीच परत आली होती. अर्धी रिकामी. “पठारावरचा तास भरला तेव्हा भोंगा दिला मी,” ड्रायव्हर सांगत होता. “नऊ जण आले नाहीत. धुकं वाढायला लागलं, बाकीचे ओरडायला लागले. काय करणार?” मी गाडीत एकेक तोंड बघितलं. हे नव्हते.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष आले. गावात त्यांना सगळे पाठीमागे फीतकापे म्हणतात, कारण नवं बाकडं टाकलं तरी ते फीत कापतात. “घाबरायचं कारण नाही!” ते दोन्ही हात वर करून म्हणाले. “आपल्याकडे यंत्रणा आहे. घंटेचा आवाज पूर्ण मोठा करा रे! बासरी बंद, नुसती घंटा लावा.”

आणि सगळे कर्णे एकदम दणदणू लागले.

“बंद करा ते,” ताई म्हणाली.

“आजी, तुमच्या घंटेपेक्षा दसपट मोठा आवाज आहे हा.”

“मोठा आहे, पण कुठून येतोय? एक कर्णा चौकात, एक वाहनतळावर, एक धबधब्याच्या कठड्याला, एक तळ्यावर, एक कड्याच्या टोकाला. अकरा आहेत. मी मोजलेत, तुम्ही लावलेत तेव्हाच सांगितलंय. अकरा तोंडांनी बोलावलं तर माणूस कुठे जाईल?”

“वातावरणनिर्मितीसाठी लावलेत ते, आजी. सगळीकडून ऐकू येतंय, हेच तर चांगलं आहे.”

आणि तिथे माझ्या लक्षात आलं. बाकीचे आठ जण पाहुणे होते. त्यांना घंटेचं काय माहीत? ते घाबरून जागच्या जागी बसून राहिले असते आणि वाचले असते. पण ह्यांना माहीत होतं. सव्वीस वर्षं मीच पाठ करून घेतलं होतं ना! घंटा ऐकू आली की आवाज नाकासमोर धरायचा आणि चालत सुटायचं. पठारावर असलेल्या माणसाला सगळ्यात जवळचा कर्णा कड्याच्या टोकाचा.

मी तिकीट कार्यालयात घुसले. “आत यायची परवानगी नाही,” ती खिडकीतली बाई उठली. मी तिला बाजूला सारलं. भिंतीवर एक मोठा खटका होता, लाल. कसला ते वाचायला मी थांबले नाही. दोन्ही हातांनी खाली ओढला. कर्णे बंद, दिवे बंद, घंटेच्या आकाराचं कारंजं बंद, सगळं गाव गप्प.

“कोणी केलं हे?” फीतकापे ओरडत आले.

“मी केलं! इथेच जन्मलेय मी. दाखला नंतर आणून देते!”

ताई तोवर चौथऱ्यावर होती. लोलक आणून चढवायला अर्धा तास गेला असता, तो बारा किलोचा, त्याला चार बोल्ट. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो शहरात गेलेला. “घण आण,” ती वरून ओरडली. चौकात लोहाराचं दुकान आहे, पाहुण्यांना दाखवायला. लोहाराने घण दिला, तो माझ्या हातात पिसासारखा हलका. थर्मोकोल! वर करडा रंग. “खरा कुठेय?” “खरा कशाला लागतो, मावशी? फोटोत हाच चांगला दिसतो.” आग लागो त्या फोटोंना! शेवटी वाहनतळावर एका प्रवासी बसच्या ड्रायव्हरने सीटखालून चाकाचा लोखंडी पाना काढून दिला. एक अक्षर न विचारता दिला. त्या दिवशी त्या गावात खरी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू मला सापडली.

ताईने पाना दोन्ही हातांत धरला. एक, दोन, तीन. मग थांबली.

“आजी, थांबलात का? वाजवा की,” फीतकापे म्हणाले.

“तोंड बंद!” मी म्हटलं. “कुणीही बोलायचं नाही.” आणि मोजायला लागले. आठावर आले तेव्हा माझे हात शिवशिवले. तरी मोजलं. जन्मात पहिल्यांदा मी वीसपर्यंत गेले. वरून काही आलं नाही. पुन्हा तीन ठोके.

लोलक आतून मारतो, जिथे घंटा जाड असते तिथे. पाना बाहेरून कडेवर बसत होता. बाबांनी आम्हा दोघींना शिकवलं होतं, कडेवर कधी मारू नका. पाचव्या-सहाव्या खेपेला आवाज बदलला. खणखणीत होता तो एकदम चिरका झाला. तडा गेला. मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा क्षणभर असा झाला की मला बघवेना. मग तिने पाना पुन्हा उचलला आणि मारला, त्याच जोराने.

किती वेळ गेला सांगता येत नाही. तास असेल. चौकात दोनशे माणसं उभी होती आणि कुणाच्या तोंडून शब्द नव्हता. मी मोजत होते. चौदा, पंधरा, आणि वरून, पार डावीकडून, बारीक आवाज आला.

“अगं ए!”

सव्वीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. त्यावरूनही मी भांडलेय.

“अगं ए! ऐकलंस का?”

ताईने हाताने मला थांबवलं, नाहीतर मी पळत सुटले असते. पुन्हा तीन ठोके, पुन्हा वीस. प्रत्येक वेळी हाक थोडी जवळ. शेवटी धुक्यातून हे बाहेर आले. गुडघे चिखलात, कॅमेऱ्याचा पट्टा एका बाईच्या हातात, तिचा हात दुसऱ्याच्या हातात, अशी नऊ जणांची साखळी. मी आधी ह्यांना दोन्ही दंडांना धरून हलवलं, मग फोन विसरल्याबद्दल चारचौघांत झाडलं, मग रडले.

हे म्हणाले, “घंटा कानाशी वाजत होती. अगदी कानाशी. मी म्हटलं, आलंच गाव. समोर एक बुटकासा कठडा लागला. मी म्हटलं, चौकाचा असेल. एक पाय पलीकडे टाकला आणि घंटा एकदम बंद पडली. मी तसाच थांबलो. मग बऱ्याच वेळाने पाठीमागून तीन ठोके आले. लांबून. नंतर शांत. म्हटलं, ही आपली! ही थांबते!”

कठडा कड्यावरचा होता. शोभेचा, गुडघ्याएवढा.

संध्याकाळी वार्ताहर आला आणि फीतकापे त्याला सांगू लागले, “समितीच्या अत्याधुनिक ध्वनियंत्रणेमुळे नऊ पर्यटकांचे प्राण...” त्यांना पुढे बोलताच आलं नाही, कारण मी मध्ये उभी राहिले. मग वार्ताहराला बाहेर ठेवून आम्ही तिघं आत बसलो. मी म्हटलं, आत्ता बाहेर जाऊन कड्याच्या कर्ण्याची गोष्ट सांगू का? फीतकापे तड्याबद्दल बोलत होते, गावच्या ठेव्याचं नुकसान म्हणत होते. चोराच्या उलट्या बोंबा! ताईने दोनच गोष्टी मागितल्या. लोलक परत घंटेत, आणि त्या लाल खटक्याच्या खोलीची एक किल्ली तिच्याकडे. दोन्ही मिळाल्या. कर्णे काढा असं मी म्हटलं, पण ते काही काढले नाहीत. पांढरा टोप आता दुसरीच कुणीतरी घालते, तिकीट खिडकीतली असं ऐकलं. आणि रोज चार वाजता चौकात धुराचं यंत्र लावून ‘धुक्यातली सुटका’ दाखवतात म्हणे. बघायला वेगळं तिकीट. काय बोलायचं!

निघताना मी ताईला म्हटलं, “लग्नाला ये.”

“बघते,” ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मी पुढच्या रांगेत एक खुर्ची तिच्यासाठी अडवून ठेवली. तिच्यावर माझी पर्स ठेवली, कुणी बसायला आलं की डोळे वटारले. अकरा वाजले, बारा वाजले. जेवणं सुरू झाली. मी बाहेर जाऊन फोन लावला.

“धुकं होतं का?”

“सकाळी होतं,” ताई म्हणाली. आवाज दमलेला. “आता निवळलंय.”

“वर कोण होतं?”

“दोघं होती. उतरली.”

“कोण होती ती?”

“विचारलं नाही गं.”

मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. गळ्यापर्यंत आला. मी आत आले, खुर्चीवरची पर्स उचलली. सासरच्या कुणीतरी विचारलं, “काय हो, तुमची बहीण याही वेळी नाही आली? सख्ख्या भाचीचं लग्न, एवढं काय मोठं काम असतं?”

“कुणाचा तरी नवरा वर होता,” मी म्हटलं. “आणि खबरदार तिला कुणी नावं ठेवलीत तर.”